खुलाशाची मुदत

शासकीय पत्रव्यवहाराच्या मराठीत एक वाक्य असे आहे की, ज्याच्या नावाने ते निघते त्याला अक्षरओळख असो वा नसो, त्याचा आशय त्याच्या पोटात तत्काळ उतरतो. "सात दिवसांचे आत आपला लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल." तहसील कचेरी असो, वनपरिक्षेत्र कार्यालय असो, भूमी अभिलेखाचे दफ्तर असो की आयकर खाते असो, नोटिशीच्या शेवटी हे वाक्य थोड्याफार फरकाने येतेच, आणि इतक्या वेळा येते की लिहिणाऱ्या कारकुनालाही आपण एक लहानसे राज्यशास्त्र नकलून काढीत आहो याचे भान राहत नाही. वाक्याच्या पूर्वार्धात सत्ता प्रजाजनाचे म्हणणे ऐकावयास उत्सुक असल्याचे सांगते, आणि उत्तरार्धात त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावयाचा हे स्वतःच ठरवून मोकळी होते. या दोन अर्धांच्या मध्ये जो स्वल्पविराम आहे, त्याच्याविषयी मला लिहावयाचे आहे. नियमन करणारी सत्ता, समोरच्याला नको असता, पुन्हा पुन्हा बोलू लागते तेव्हा त्या बोलण्याला कायदा छळ केव्हा म्हणतो, आणि कायदा काहीही म्हणो, धर्मविचार त्याला छळ केव्हा म्हणेल, हा तो प्रश्न होय.

दोन समान माणसांच्या व्यवहारात हा प्रश्न फारसा अवघड नाही. तेथे 'नको' म्हटले की संवाद संपला पाहिजे. त्यानंतरचे प्रत्येक पत्र, प्रत्येक फेरी, प्रत्येक निरोप हे अतिक्रमण होय. २०१३ साली भारतीय दंडसंहितेत स्त्रीच्या पाठलागाविषयीचे जे ३५४ ड हे कलम घालण्यात आले, आणि जे आता भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम आहे, त्याचा गाभा एवढाच आहे की, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यानंतरही पुरुषाने वारंवार संपर्क साधला वा तसा प्रयत्न केला तर तो अपराध होतो. परंतु त्याच कलमाला अपवाद जोडलेले आहेत. गुन्ह्याचा प्रतिबंध वा शोध करण्याचे काम राज्याने ज्याच्यावर सोपविले आहे त्याने त्या कामासाठी केलेले, कायद्यान्वये केलेले, अथवा त्या परिस्थितीत वाजवी व समर्थनीय ठरणारे वर्तन या व्याख्येबाहेर राहते. इंग्लंडच्या १९९७ च्या छळप्रतिबंधक कायद्यातही जवळजवळ हीच त्रयी आहे. म्हणजे कायद्याने 'नको' या उद्गाराला मान दिला खरा, पण राज्यसंस्थेला त्या उद्गाराच्या इलाख्याबाहेर बसविले.

आणि ते योग्यच केले, असे म्हटले पाहिजे. चोराला समन्स कधीही हवेसे वाटत नाही; सारा थकविणाऱ्याला तलाठ्याचा निरोप गोड लागत नाही; नाल्यात कारखान्याचे पाणी सोडणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पत्र प्रिय होण्याचे कारण नाही. अप्रियता ही कसोटी मानली तर राज्य चालणारच नाही. संख्या ही कसोटी मानली तरी तीच गत होईल, कारण बारा वर्षे कर न भरणाऱ्याला बारा नोटिसा येणे हा छळ नसून कार्यालयाचा चिवटपणा आहे, आणि उलटपक्षी एखादी एकच नोटीस, योग्य वेळ साधून, योग्य त्या दुबळ्या घरी पाठविली असता, दहा वर्षांच्या छळाचे काम एका दुपारी उरकते. हेतू ही कसोटी धरावी तर अंमलदाराच्या अंतःकरणात शिरणार कोण?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. मात्र त्यांच्या काळी सत्तेचा निरोप कागदाऐवजी बहुधा माणसाच्या रूपाने येत असे. पेशवाईत वसुलीसाठी मोहसल बसविण्याची रीत होती. सरकारचा प्यादा येऊन कुळाच्या दारात ठाण मांडून बसे, आणि त्याचा शिधा व रोजमुरा ज्याच्याकडून वसूल करावयाचा त्यानेच द्यावयाचा असे. त्यामुळे मूळ बाकी जितकी लांबे तितकी ती मोहसलाच्या खर्चाने फुगत जाई. खाजगी सावकार हेच काम तगाद्याने करीत. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याच्या पायऱ्या दिल्या आहेत: नुसत्या मागणीच्या घोषापासून दारात माणूस बसविण्यापर्यंत, आणि तेथून कर्जदाराला उन्हात उभे करून डोक्यावर दगड ठेवण्यापर्यंत. याच्याही पलीकडची पायरी धरण्याची. ब्राह्मण दाराशी उपोषण करीत बसे, आणि त्याचा प्राण गेला तर ब्रह्महत्येचे पातक घरमालकाच्या माथी येईल या भयाने पैसे निघत. १८६० च्या दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाने ईश्वरी कोपाचे भय घालून एखाद्यास कृती करावयास लावणे हा अपराध ठरविला, आणि त्याखाली दिलेले पहिले उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच आहे.

मोहसलाविषयी एक गोष्ट मात्र त्याच्या पदरात घातली पाहिजे. त्याला तोंड होते आणि कान होते. कुळाच्या घरातली चूल पेटत नाही हे तो डोळ्यांनी पाहत असे; म्हातारी काय म्हणते ते त्याला ऐकावे लागे; लाचेने असो वा लाजेने, त्याच्याशी बोलणी करता येत. त्याची जागा ज्या कागदाने घेतली त्या कागदाच्या ठिकाणी क्रौर्य कमी आहे हे निर्विवाद आहे, आणि त्या सुधारणेचे मोल कोणी कमी लेखू नये. पण क्रौर्याबरोबर श्रवणशक्तीही गेली, ही त्या सुधारणेची न सांगितलेली बाजू होय.

आता सावली तालुक्याकडे वळतो, कारण हा प्रश्न अमूर्तात सोडविण्याजोगा नाही. मूलहून गडचिरोलीस जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगा ओलांडण्यापूर्वी, हा तालुका लागतो. धानाच्या बांधी, बोड्या, जुने मालगुजारी तलाव, असोलामेंढा तलावाचे पाणी, आणि बांधी जेथे संपते तेथे लगेच सुरू होणारे जंगल, असा याचा चेहरा आहे. १९८२ च्या ऑगस्टात गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच चंद्रपूर (जुन्या चांदा) जिल्ह्यात होते, आणि १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. या भागात 'जबरान जोत' हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतो. वनजमिनीवर विनापरवाना केलेली वहिती, असा त्याचा दफ्तरी अर्थ. ज्याची ती वहिती आहे त्याच्या लेखी बापाने झुडपे काढून केलेली बांधी, एवढाच त्याचा अर्थ. या एका शब्दाभोवती तीन पिढ्यांचा पत्रव्यवहार साठलेला आहे: वनरक्षकाने नोंदविलेला वनगुन्हा, जप्त झालेला नांगर, पंचनामा, बयान, दंडाची पावती, अतिक्रमण काढण्याची नोटीस, आणि पुन्हा नोटीस.

२००६ चा वनहक्क कायदा या पत्रव्यवहाराला पूर्णविराम देण्यासाठी झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ज्याचा ताबा आहे अशा अनुसूचित जमातीच्या वननिवासीला, व इतर पारंपरिक वननिवासीलाही, हक्क मागता येतो, आणि पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला जमिनीवरून हुसकता येत नाही, असे त्या कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे. परंतु आदिवासी नसलेल्याला आणखी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या किमान तीन पिढ्या तो वनात वा वनावर अवलंबून राहत आला आहे, आणि पिढी म्हणजे पंचवीस वर्षे अशी कायद्याचीच व्याख्या असल्यामुळे ही रेषा १९३० सालाच्या डिसेंबरात जाऊन टेकते. सावली तालुक्यात कुणबी, माळी, ढिवर, अशी आदिवासी नसलेली पुष्कळ वस्ती जंगलकाठी आहे. तिच्यापुढे दफ्तराचा प्रश्न येतो: पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा दाखल करा.

१९३० हे साल कोणते, याचा क्षणभर विचार करावा. त्या वर्षीच्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. म्हणजे वऱ्हाडातला एक सुविद्य वकील ज्या वर्षी वनखात्याशी जाणूनबुजून भांडण काढून तुरुंगात गेला, त्या वर्षी झाडीतल्या एका निरक्षर कुळाने वनखात्याकडून आपल्या वास्तव्याचा कागद मिळवून जपून ठेवावयास हवा होता, असे आज त्याच्या नातवाला सांगितले जाते. त्यातही मौज अशी की, त्या काळी या भागातले पुष्कळसे जंगल सरकारचे नव्हतेच, ते मालगुजारांचे व जमीनदारांचे होते. मालकी हक्क नाहीसे करणारा मध्य प्रदेशचा कायदा १९५० चा, आणि त्याखाली ते जंगल सरकारकडे आले १९५१ च्या मार्च अखेर. सरकारकडे ज्या काळाचे दफ्तर नाही त्या काळाचा सरकारी कागद प्रजेकडे मागावयाचा, हा न्याय विलक्षण आहे. वनहक्क कायदा करणाऱ्यांना मात्र हे ठाऊक होते. म्हणूनच त्याखालील नियमांपैकी तेराव्या नियमात, पुराव्याच्या यादीत, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली जबानी, हाही पुरावा म्हणून नोंदविलेला आहे. गावातल्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे तोंड कायद्याने दस्तऐवजाच्या पंक्तीत बसविले, आणि तरीही टेबलावरून पत्र निघते ते कागदाच्याच मागणीचे. पुढचे पत्र पुन्हा तेच. त्याच्या पुढचेही.

छळाचे नेमके स्थान माझ्या मते येथे सापडते. पत्र अप्रिय आहे किंवा अनेकवार आले, एवढ्याने ते छळ ठरत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे प्रश्नकर्त्यानेच अशक्य करून ठेवले आहे, किंवा जे उत्तर दिले गेले ते ऐकावयाचेच नाही असे ज्याने आधी ठरविले आहे, त्याने तो प्रश्न पुन्हा विचारणे म्हणजे छळ होय. राज्यसंस्थेला 'नको' म्हणण्याचा अधिकार नागरिकापाशी नाही. तो काढून घेतला गेला आहे आणि पूर्वी म्हटल्याप्रमाणे तो काढून घेणे भाग होते. पण हा व्यवहार एकतर्फी नव्हता. त्या अधिकाराच्या मोबदल्यात नागरिकाला 'ऐका' म्हणण्याचा अधिकार मिळालेला आहे, आणि जोपर्यंत हा दुसरा अधिकार जिवंत आहे तोपर्यंतच पहिल्याची जप्ती न्याय्य आहे. ऐकणे बंद झाले त्या क्षणी सत्तेचा निरोप आणि रस्त्यावरच्या गुंडाचा निरोप यांत तत्त्वतः अंतर राहत नाही. राहतो तो शिक्का.

परदेशातल्या न्यायालयांनीही, निराळ्या वाटेने का होईना, याच ठिकाणी मुक्काम केलेला दिसतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१३ साली एक खटला आला. एका माजी कर्मचाऱ्याने आपल्या जुन्या मालकाविरुद्ध वर्षानुवर्षे सरकारी यंत्रणांकडे तक्रारींचा सपाटा लावला होता, आणि चौकशीत त्यात तथ्य नसल्याचे सांगितले गेले तरी त्याचे लिहिणे थांबले नव्हते. आपण गुन्ह्याचा शोध करीत आहो हा त्याचा बचाव. लॉर्ड सम्प्शन यांनी बहुमताच्या निकालात असे म्हटले की, हेतू प्रामाणिक असणे पुरेसे नाही, त्यामागे काही एक विवेकपूर्ण विचार असला पाहिजे. जेथे उत्तर मिळाले असूनही मन हटत नाही तेथे हेतूच्या नावाखाली केवळ वेड उरते. त्यापूर्वी २००९ साली तेथल्याच अपील न्यायालयापुढे ब्रिटिश गॅस कंपनीचे प्रकरण आले होते. जिचे काहीही देणे नव्हते अशा एका महिलेला कंपनी गॅस तोडण्याच्या व खटल्याच्या धमक्यांची पत्रे पाठवीत राहिली. तिने कितीही लिहिले तरी पत्रे थांबेनात. कंपनीचा युक्तिवाद असा की, ही पत्रे संगणकाने आपोआप काढलेली आहेत, सबब ती कोणी इतकी मनाला लावून घेऊ नयेत. न्यायमूर्तींनी हा बचाव मानला नाही. यंत्राला आज्ञा देणारी माणसेच असतात, असे त्यांचे म्हणणे पडले. आपल्याकडे आयकर खात्याने १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या प्रत्येक पत्रावर एक दस्तऐवज ओळख क्रमांक असला पाहिजे, अन्यथा ते पत्र निघालेच नाही असे समजावे, असा जो नियम केला, त्याच्यामागेही हेच भान असावे: निरोपाला निदान एक असे ठिकाण हवे की जेथे उलट जाऊन विचारता येईल.

येथे सद्भाव नावाच्या वस्तूचा विचार टाळता येत नाही, कारण अंमलदाराचा शेवटचा आश्रय तोच असतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाची दोन कलमे एकमेकांपासून फार दूर नाहीत. बासष्टाव्या कलमात, जप्तीस पात्र मालाचे निमित्त करून जो वनाधिकारी वा पोलीस अंमलदार त्रास देण्यासाठी व विनाकारण कोणाची वस्तू जप्त करील त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितली आहेत. म्हणजे परक्या सरकारनेही आपल्या नोकराच्या हातून छळ होऊ शकतो हे कायद्यात लिहून ठेवले होते. आणि चौऱ्याहत्तराव्या कलमात, सद्भावाने केलेल्या कृत्याबद्दल लोकसेवकावर दावा लागू नये असे अभय दिले आहे. आता सद्भाव म्हणजे काय? दंडसंहितेचे उत्तर असे की, योग्य काळजी व लक्ष यांवाचून केलेले काहीही सद्भावाने केले असे म्हणता येत नाही. १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे उत्तर असे की, कृत्य प्रामाणिकपणे केले असले म्हणजे पुरे, मग ते निष्काळजीपणे केलेले असो वा नसो. एकाच साम्राज्याच्या दोन कायद्यांत एकाच पुण्याच्या दोन परस्परविरुद्ध व्याख्या आहेत, आणि वन अधिनियमाला, त्याची स्वतःची व्याख्या नसल्यामुळे, दुसरी व सैल व्याख्या लागू पडते.

हा वाद कायदेपंडितांचा वाटतो खरा, पण तो भारतात अडीच हजार वर्षे चाललेला आहे. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात नालंदेस बुद्ध आणि निर्ग्रंथांचे, म्हणजे जैनांचे, अनुयायी यांचा संवाद आहे. निर्ग्रंथ काय, वाचा व मन असे तीन दंड मानतात आणि त्यांत कायेचा दंड सर्वांत सदोष म्हणतात; बुद्ध त्यांना कर्म म्हणतात आणि मनाच्या कर्माला प्रधान ठरवितात. कर्म म्हणजे चेतना, हे बौद्धांचे मत. चित्त शुद्ध असेल तर कृत्याचा दोष हलका. जैन परंपरेने वेगळी वाट धरली. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची जी व्याख्या आहे तीत द्वेषाचे नावही नाही. प्रमत्त योगाने, म्हणजे असावधपणे, प्राण्याच्या प्राणांचा घात होणे ही हिंसा. ज्याने पाहून पाऊल टाकले त्याच्या पायाखाली किडा मेला तरी त्याला तो दोष तसा लागत नाही. ज्याने न पाहता टाकले त्याच्या पायाखाली काही मेले नाही तरी तो दोषी. म्हणूनच त्या परंपरेत चालण्याची समिती आहे तशी बोलण्याचीही आहे. भाषासमिती हे व्रत मुनीचे. परंतु ज्याच्या एका वाक्याने एका कुटुंबाची दोन वर्षे कचेरीच्या पायऱ्यांवर जातात, त्याला ते व्रत मुनीपेक्षा अधिक लागू नाही काय?

माझा कौल या बाबतीत जैनांच्या बाजूला आहे. व्यक्तीच्या मोक्षाच्या विचारात चित्तशुद्धी प्रधान मानावी. राज्यकारभारात ती निरुपयोगी आहे, कारण दफ्तराला चित्तच नसते. एकाच मसुद्याच्या दोनशे नोटिसा, केवळ नावाची जागा भरून, एका दुपारी सहीला ठेवल्या जातात. सही करणारा कोणाचा द्वेष करीत नाही, कारकून करीत नाही, वाटणारा कोतवालही करीत नाही, आणि तरी संध्याकाळी दोनशे घरांत भाकर गोड लागत नाही. द्वेष शोधीत गेलो तर या साखळीत एकही अपराधी हाती लागणार नाही. प्रमाद शोधला तर लागेल. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत उद्वेग न करणे हे सत्याच्याही आधी ठेवले आहे, ही गोष्ट भक्तांपेक्षा अव्वल कारकुनांनी अधिक मनन करण्यासारखी आहे.

वनखात्याची बाजू मी विसरलो नाही. एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरांचे नियतक्षेत्र, हातात काठी, भोवताली वाघ. लाकूडचोर रात्री येतात आणि गावपुढारी सकाळी. जंगल राहिले तर त्याचे श्रेय वाघाला, गेले तर दोष त्याला. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलात, गावोगाव भोंग्यावरून सूचना दिली जाते की पहाटे एकट्याने जंगलात जाऊ नका, वाकून वेचू नका, वाघाचा वावर आहे. ही सूचना लोकांना नको असते, कारण मोहफूल पहाटेच वेचावे लागते. ती दररोज येते. तिच्यावर उत्तरही मागितलेले नसते. मग माझ्या कसोटीने ती छळ ठरावयाची काय? नाही ठरत, आणि यावरून कसोटी थोडी दुरुस्त करून घेतली पाहिजे. ही सूचना पाळता येते, आणि पाळली की तिचे काम संपते. वाघ दूर गेला की तीही थांबते. सत्तेच्या वाजवी बोलण्याला शेवट असतो: प्रश्न असेल तर उत्तराने, हुकूम असेल तर पालनाने, इशारा असेल तर धोका टळल्याने. ज्या बोलण्याला ऐकणाऱ्याच्या कोणत्याही कृतीने शेवट होऊ शकत नाही, त्याच्यापुढे दंडुका असो वा नसो, ते शिक्षाच आहे, आणि तीही निकालावाचून दिलेली.

ज्या अरण्याचा काठ सावलीच्या समोर, नदीपलीकडून सुरू होतो, त्या दंडकारण्याची उत्पत्ती रामायणाच्या उत्तरकांडात सांगितली आहे, तीही याच विषयाची आहे. इक्ष्वाकूचा कनिष्ठ पुत्र दंड नावाचा राजा, आपल्या पुरोहिताच्या, शुक्राच्या, आश्रमात त्याची कन्या अरजा हिला पाहून तिला वश होण्यास सांगतो. ती नुसते नको म्हणत नाही. मी पित्याच्या अधीन आहे, त्याच्याकडे रीतसर मागणी कर, असे सांगते. म्हणजे उत्तर दिलेले होते, आणि त्यात कायदेशीर मार्गही दाखविलेला होता. राजाला उत्तर नको होते. पुढे शुक्राच्या शापाने सात रात्री धुळीचा वर्षाव होऊन त्याचे राज्य नाहीसे झाले व तेथे रान माजले. पुराणकथेतून कायद्याचे कलम काढू नये हे खरे, तथापि राजाच्या अपराधाचे वर्णन करताना कथाकाराने त्या मुलीच्या तोंडी नुसता विलाप न घालता एक समर्पक, पुरेसे आणि विनयशील प्रत्युत्तर घातले, याचे मला नेहमी नवल वाटते. कौटिल्यानेही कंटकशोधनाच्या अधिकरणात चोरांच्या व भेसळ करणाऱ्यांच्या जोडीला न्यायाधीश आणि लेखक यांना बसविले आहे. वादी-प्रतिवादीला दटावणारा, हाकलून देणारा, विचारावयाचे ते न विचारणारा, नको ते विचारणारा धर्मस्थ त्याच्या मते दंडास पात्र आहे.

आजचा कायदा याहून फार मागे नाही, फक्त तो विखुरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नोव्हेंबरात लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात, सार्वजनिक अधिकाऱ्यांकडून सामान्य माणसाचा होणारा छळ हा भरपाईस पात्र आहे, आणि ती भरपाई अखेरीस दोषी अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल व्हावी, असे ठरविले. दंडसंहितेत २०१३ साली आलेले १६६ अ हे कलम, आता न्याय संहितेचे १९९ वे, तर थेट निरोपालाच हात घालते: ज्याला चौकशीस बोलावण्यास कायद्याने मनाई आहे त्याला जाणूनबुजून बोलावणाऱ्या लोकसेवकास किमान सहा महिने सक्तमजुरी. स्त्रिया, मुले, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे साठ वर्षांवरील पुरुष यांना पोलिसाने ठाण्यावर न बोलावता त्यांच्या घरी जावे, असा नियम आहे. तेथे राज्याने चालत जावयाचे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या कायद्यात द्वेषमूलक वा त्रासदायक कायदेशीर कारवाई हा अत्याचार मानला आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने वनहक्काच्या उपभोगात अडथळा हाही. सावलीच्या जंगलकाठच्या ढिवराला किंवा कुणब्याला मात्र या शेवटच्या कायद्याचे छत्र नाही. त्याच्यापाशी आहे ते फक्त वनहक्क कायद्याचे.

त्या कायद्याचे पुढे काय होते हे २०१९ साली देशाने पाहिले. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना जमिनीवरून काढण्याविषयी राज्यांना आदेश दिला. पंधरा दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, तो स्थगित केला, कारण दावे फेटाळताना रीत पाळली गेली होती की नाही हाच प्रश्न पुढे आला. नियमांप्रमाणे दावा फेटाळल्याची तपशीलवार कारणे दावेदाराला प्रत्यक्ष कळवावी लागतात, म्हणजे साठ दिवसांत त्याला वरच्या समितीकडे दाद मागता येते. ज्यांच्याकडे अतिक्रमणाची नोटीस वेळेवर पोचली त्यांच्याकडे फेटाळणीची कारणे पोचलीच नाहीत, अशी तक्रार ठिकठिकाणी होती. बोलावयाचे तेव्हा मुखर आणि सांगावयाचे तेव्हा मूक, असे हे दफ्तर.

नदीपलीकडे, धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने याच वनखात्याशी दुसऱ्या रीतीने व्यवहार केला. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण बांबू हे गौण वनोपज असल्याचे वनहक्क कायदा सांगत असता, जुन्या वन अधिनियमाप्रमाणे ते झाड आहे म्हणून वाहतुकीचा परवाना नाकारला जाई. गावाने लिहिले, उत्तर मागितले, पुन्हा लिहिले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी स्वतः मेंढ्यास येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती दिले. आता या प्रकरणात नको असलेली पत्रे कोण कोणाला पाठवीत होते? खात्याच्या दृष्टीने पाहिले तर गावच. अशा पत्रांवरून गांधीजी आठवतात. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चात गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीस भरले होते आणि गांधीजी तेथे राहिले होते. त्यांच्या व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रांचा विचार केला म्हणजे प्रजेनेही सत्तेला अप्रिय पत्रे पुनःपुन्हा कशी लिहावीत याचा वस्तुपाठ मिळतो. १९३० च्या मार्चातले आयर्विनला लिहिलेले पत्र मिठाच्या सत्याग्रहापूर्वी गेले, मागणी नेमकी होती, आणि उत्तरासाठी अवधी ठेवलेला होता.

वनहक्क कायद्याच्या सातव्या आणि आठव्या कलमांनी हीच रीत ग्रामसभेच्या हाती दिली आहे. हक्क मान्य करण्याच्या कामी कायद्याचा भंग करणाऱ्या प्राधिकरणास, समितीस वा अधिकाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम हसण्याजोगी आहे, पण न्यायालयात जाण्यापूर्वी ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला किमान साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत समितीने कारवाई केली नाही तरच न्यायालय दखल घेते. प्रजेला जेथे सात दिवस मिळतात तेथे सरकारला साठ. सावली तालुक्यातल्या कोणत्याही ग्रामसभेला असा ठराव आजही करता येईल. मसुदा अवघड नाही, आणि त्याच्या अखेरीस घालावयाचे वाक्य गावातल्या प्रत्येक घरी, पत्र्याच्या पेटीत, सरकारच्याच सहीशिक्क्यानिशी पडलेले आहे.